आडवी दाढ

उजवीकडच्या खालच्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी वर्षभर अधूनमधून सुजत होती. सूज आली की तोंड उघडताना कानापर्यंत कळ जायची, घास चुकून त्या बाजूला गेला तर डोळ्यांत पाणी यायचं. मग गोळ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि काही दिवसांत सगळं शांत. दुखणं थांबलं तरी दाढ होती तिथेच होती, त्यामुळे पुढची खेप ठरलेली.

एक्स-रेत कारण स्पष्ट दिसलं. दाढ सरळ वर न येता पुढच्या दाढेवर कलून अडकली होती. तिचा जेमतेम एक कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर हिरडीची झापड होती. झापडीखाली अन्नाचे कण जाऊन बसतात, तिथे ब्रश पोहोचत नाही आणि जंतूंचं फावतं. या दुखण्याचं नाव पेरिकोरोनायटिस. अक्कलदाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात. तोवर जबड्यात जागा उरली नसेल तर त्या मिळेल त्या दिशेने येतात, नाहीतर हाडातच राहतात.

अडकलेली प्रत्येक दाढ काढायलाच हवी का, हा प्रश्न मी आधी विचारला. माझी डावीकडची दाढही अडकलेली आहे, पण ती पूर्ण हाडात आहे आणि तिचा काही त्रास नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने 2000 मध्येच सांगितलं होतं की ज्या अडकलेल्या दाढा निरोगी आहेत, त्या पुढेमागे त्रास देतील एवढ्याच कारणासाठी काढू नयेत. त्यावर नंतर वाद झाले, आणि ते बिनबुडाचे नव्हते. कललेल्या दाढेमुळे कधीकधी पुढच्या चांगल्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागते आणि ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. उजवी काढायची, डावीवर अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं, असं ठरलं. कुणी ‘काढून टाकू’ म्हटलं तर ‘का?’ असं जरूर विचारावं. उत्तर एक्स-रेवर बोट ठेवून मिळालं पाहिजे.

नेहमीच्या दवाखान्यातून मला ओरल सर्जनकडे पाठवलं. त्यांनी ओपीजीवर, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, दोन फिकट समांतर रेघा दाखवल्या. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो, त्या रेघा म्हणजे त्याच्या भिंती. त्या बोगद्यातून जाणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवते. माझ्या दाढेची मुळं या रेघांवर टेकलेली दिसत होती.

“टेकली आहेत की नुसती समोरासमोर दिसताहेत, हे या फोटोवरून कळत नाही,” डॉक्टर म्हणाले. “सीबीसीटी करून घेऊ.”

सीबीसीटी म्हणजे जबड्याचं त्रिमितीय स्कॅन. ते प्रत्येकाला लागत नाही, पण साध्या एक्स-रेत मुळं नसेला भिडलेली दिसली तर करतात. माझ्या स्कॅनमध्ये मूळ आणि नस यांच्यामध्ये हाडाचा पातळसा पापुद्रा होता. तो नसता तर वेगळा मार्ग होता: दाढेचं फक्त डोकं कापून काढायचं आणि मुळं हाडातच ठेवायची. याला कोरोनेक्टमी म्हणतात. मुळं आत ठेवायची ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण नसेला धक्का लागण्याचा धोका तिने कमी होतो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी मी एकेक ओळ वाचली. ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर होऊ शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित कुणाची कायमची जाते. जिभेची नस वेगळी असते. ती दाढेच्या आतल्या बाजूने, हिरडीला अगदी लागून जाते. वरची दाढ असेल तर वरच्या जबड्याच्या हाडातली सायनसची पोकळी मुळांच्या अगदी जवळ असते. म्हणून वरची दाढ काढल्यावर जोरात नाक शिंकरू नका असं सांगतात. हे सगळं सही करण्याआधी समजून घ्यायला थोडा वेळ मागितला तर कुणाची हरकत नसते.

मग प्रश्नांची फैर झडली. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या? मधुमेह? हृदयाची झडप बदललीय? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध? जबड्याला कधी रेडिएशन? गर्भनिरोधक गोळ्या घेता? हा शेवटचा प्रश्न दातांच्या दवाखान्यात कशाला, असं मनात आलंच. कारण असं की या गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी लवकर विरघळण्याची आणि ‘ड्राय सॉकेट’ होण्याची, म्हणजे दाढेच्या खळग्यातली गुठळी निघून हाड उघडं पडण्याची, शक्यता वाढते. हाडांच्या औषधांचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्या काही रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. ही औषधं वर्षातून एक-दोनदाच टोचली जातात अशीही असतात, त्यामुळे ‘रोज कुठली गोळी घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात ती निसटतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं उलटं. लोक त्या घाबरून आपल्या मनाने बंद करतात, आणि थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा तो धोका कितीतरी मोठा असतो. काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची भीती मला सर्वांत जास्त होती आणि सांगण्यासारखं दुखणं तिथेच सर्वांत कमी झालं. भुलीचं इंजेक्शन जबड्याच्या आत, पार मागे, नस हाडात शिरते त्या जागेजवळ देतात. औषध लिग्नोकेन आणि त्यात थोडं ॲड्रेनलिन. ॲड्रेनलिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, भूल जास्त वेळ टिकते आणि रक्तही कमी येतं. पण त्याने मिनिटभर छातीत धडधडतं. मला हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी ते भीतीच्याच खात्यावर टाकलं असतं. थोड्या वेळाने उजवा ओठ जड झाला, तोही बरोबर मध्यापर्यंत. मधल्या रेषेच्या डावीकडे ओठ नेहमीचा, उजवीकडे जणू नाहीच.

“दाब जाणवेल, ढकलल्यासारखं वाटेल. दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन,” डॉक्टरांनी सांगितलं.

दाब आणि दुखणं यांतला हा फरक डोक्यात पक्का असला की अर्धी घालमेल कमी होते. भुलीचं औषध वेदना वाहून नेणारे बारीक तंतू आधी बंद करतं. दाबाची जाणीव देणारे जाड तंतू तेवढे सहज बंद होत नाहीत. त्यामुळे दाब कळतो म्हणजे भूल चढली नाही असं नाही. टोचल्यासारखं दुखलं तर मात्र सोसत बसू नये. मी एकदा हात वर केला, त्यांनी आणखी औषध दिलं आणि पुढे काही टोचलं नाही.

हिरडीला छेद देऊन ती बाजूला सारली आणि दाढेभोवतीचं थोडं हाड ड्रिलने काढलं. ड्रिलबरोबर सलाइनची धार सतत चालू होती आणि सहायक ते पाणी नळीने ओढून घेत होती. ही धार नुसत्या सफाईसाठी नसते. हाड 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्यातल्या पेशींना इजा होते. मग दाढेचेच दोन तुकडे केले. अशी दाढ कुणी अख्खी उपटून काढत नाही. ती तोडून तुकड्या-तुकड्यांनी काढली की हाड कमी कापावं लागतं. आवाज मात्र खरोखर मोठा असतो, कारण तो कानात बाहेरून येत नाही, हाडातून येतो. तुकडा पाडण्याआधी डॉक्टर म्हणाले, “आता कट् असा आवाज येईल. तो दाढेचा आहे, जबड्याचा नाही.” आवाज आला तेव्हा मला हसू आलं, पण अर्ध्या तोंडाने हसता येईना.

खळगा धुतला, टाके घातले, वर गॉजची घडी ठेवली आणि घट्ट चावून धरायला सांगितलं. ट्रेमध्ये दाढेचे तुकडे पडले होते. मुळाचं टोक आकड्यासारखं वळलेलं. ते बघून मला या दाढेचा हट्ट कळला. टाके विरघळणारे आहेत की काढायला यावं लागेल, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. माझे रेशमाचे होते, म्हणजे साधारण आठवड्याने काढायचे.

हातात सूचनांचा कागद मिळाला. चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉ वापरू नका, धूम्रपान नको, गरम नको, वाकून वजन उचलू नका, व्यायाम नको. कारण मात्र एकाचंही दिलेलं नाही. असा कागद लोक दुपारपर्यंत पाळतात आणि मग ‘एकदा थुंकल्याने काय होतंय’ म्हणतात. खरं तर यातल्या बहुतेक ओळी एकाच गोष्टीसाठी आहेत. दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते, उघडं हाड आणि नसांची टोकं झाकते, आणि पुढे नवी ऊती आणि हाड तिच्याच आधाराने तयार होतं. स्ट्रॉने ओढलं किंवा जोरात थुंकलं की तोंडात ओढ निर्माण होऊन गुठळी सुटू शकते. सिगारेटमध्ये ही ओढ तर असतेच, शिवाय निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. गरम पदार्थांनी आणि वजन उचलण्याने रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. गुठळी सांभाळायची आहे एवढं कळलं की कागद पाठ करावा लागत नाही. कागदात नसलेल्या गोष्टीचाही निर्णय आपला आपण करता येतो. मला शिंक आली तेव्हा मी तोंड उघडं ठेवून शिंकले. ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

गॉज साधारण पाऊण तास धरायचा, आणि थांबलं का ते बघायला सारखा काढायचा नाही. रक्त थांबवतो तो दाब, कापूस फक्त रक्त टिपतो. त्यानंतरही दिवसभर लाळ गुलाबी येते. थोडं रक्त पुष्कळ लाळेत मिसळलं की ते भरपूर दिसतं. मी उशीवर जुना टॉवेल टाकला आणि दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपले. लाल, दाट रक्तच तोंडात जमत राहिलं तर नवा ओला गॉज नेमका खळग्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावायचा. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

भूल काही तास टिकते. ती उतरेपर्यंत त्या बाजूने चावू नये, कारण आपण आपलाच ओठ किंवा गाल चावला तरी कळत नाही. वेदनेची पहिली गोळी मात्र भूल उतरायच्या आधी घ्यायची. ठणका चढल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा हे सोपं. मला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही दिली होती. ही जोडी या दुखण्यावर चांगली चालते. हे इतकं नक्की माहीत असण्याला एक मजेशीर कारणही आहे. वेदनाशामकांच्या चाचण्या जगभर नेहमी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर घेतल्या जातात. माणसं तरुण, बहुधा निरोगी, आणि भूल उतरली की दुखणार हे नक्की. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल तर आयब्युप्रोफेन नको. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढांनीही 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर घेऊ नये, आणि सर्दीच्या गोळ्यांमध्येही ते असतं हे ध्यानात ठेवावं. अँटिबायोटिक मात्र प्रत्येकाला लागतंच असं नाही. दिलं नाही म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीत.

सुजेबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की ती रोज कमी होत जाते. तसं नसतं. ती 48 ते 72 तासांत चढते आणि मग उतरते. माझा गाल गालगुंड झाल्यासारखा फुगला तेव्हा माझी ताई सोबतीला आली होती.

“अगं, काल बरी दिसत होतीस की! आज तर जास्तच सुजलाय. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात.”

“ताई, आज वाढणारच होता. उद्या-परवा उतरला नाही तर जाऊ.”

“आणि तोवर? शेक तरी देते, थांब.”

शेकसुद्धा नको होता. पहिल्या दिवशी बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून, वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. शेक नंतर, जबडा आखडलेला असतो तो सैल करायला. जबडा खरंच आखडतो. दाढा चावायचे स्नायू शेजारीच असतात, तेही सुजतात, त्यामुळे दोन बोटं तोंडात जाईनात. चमचा लहान घ्यावा लागला, जांभई मधेच तोडावी लागली. मग गालावरून गळ्याकडे पिवळट-हिरवा डाग उतरला. तो साकळलेल्या रक्ताचा असतो, आपोआप जातो.

24 तासांनंतर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या सुरू केल्या. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. खळखळून चूळ भरायची नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान हळू डावी-उजवीकडे कलवायची आणि पाणी बेसिनमध्ये आपसूक पडू द्यायचं. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे, टाक्यांपाशी तेवढं जपून. खाणं मऊ, कोमट किंवा गार, आणि दुसऱ्या बाजूने. बारीक दाणे किंवा टोकदार चुरा होईल असं काही नको.

आरशात खळगा बघितला तर त्यावर पांढरट-पिवळसर थर. पू झाला या धास्तीने मी रात्री फोन केला. तो फायब्रिन असतो, म्हणजे जखमेवरची नैसर्गिक खपली, तोंडात ओली राहते म्हणून पांढरी दिसते. ती खरवडून काढायला जाणं म्हणजे जखम नव्याने उघडणं.

ड्राय सॉकेटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, खूण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. खूण सुजेत नसते, दुखण्याच्या चालीत असते. नेहमीचं दुखणं दिवसागणिक उतरतं. ड्राय सॉकेटमध्ये ते कमी होता होता दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकदम उसळतं, कानाकडे आणि कानशिलाकडे जातं, गोळ्यांना दाद देत नाही आणि तोंडाला घाण वास येतो. गुठळी निघून गेलेली असते आणि हाड उघडं पडलेलं असतं. 1896 मध्ये क्रॉफर्ड या दंतवैद्यांनी त्याला हे नाव दिलं, तेव्हापासून तेच रूढ आहे. खालच्या अक्कलदाढांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते जास्त होतं. यात वेदना भयंकर असली तरी उपाय साधा असतो. डॉक्टर खळगा धुऊन त्यात लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलची औषधी पट्टी ठेवतात आणि पुष्कळदा तासाभरात आराम पडतो. अँटिबायोटिकचं ते काम नाही. मला ते झालं नाही, तरी ते दिवस उलटेपर्यंत मी दर ठणक्याची चाल तपासत होते.

माझ्या वाट्याला आलं ते वेगळं. भूल उतरली तरी हनुवटीचा एक ठिपका, साधारण नाण्याएवढा, बधिरच राहिला. टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी कापसाची काडी बाहेरून आत सरकवत नेली. कुठे स्पर्श कळतो आणि कुठे नाही, तिथे मला ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणायचं होतं. त्या सीमेवर त्यांनी पेनने ठिपके काढले आणि फोटो घेतला. “पुढच्या वेळी परत काढू. ही रेष आत सरकली की नस जागी होतेय.” संमतीपत्रातली ओळ आपल्याच हनुवटीवर आखलेली बघणं काही सुखाचं नव्हतं. पण नुसतं ‘होईल बरं’ म्हणण्यापेक्षा या रेषेचा आधार वाटला. पुढच्या फोटोत ठिपके जवळ आले होते. मग मुंग्या सुरू झाल्या, पाणी पिताना हनुवटीवर थेंब ओघळला तर कळू लागलं, आणि नंतर कधी सगळं पूर्ववत झालं ते आठवतही नाही. मुंग्या येणं हे लक्षण चांगलं. बधिरपणा तसाच राहिला तर मात्र वाट बघत बसू नये. लवकर सांगितलं तर त्यावर विचार करायला वेळ मिळतो.

लगेच जायला हवं अशी लक्षणं थोडी आहेत. सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच राहणं, ताप, पू, न थांबणारं रक्त. आणि जबड्याखाली किंवा जिभेखाली कडक सूज येऊन गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं. ही शेवटची गोष्ट फोनवर विचारायची नाही, थेट इस्पितळ गाठायचं. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये वर्णन केलेला हा संसर्ग श्वासाची वाट दाबू शकतो.

टाके निघाल्यावर आपण सुटलो असं वाटतं, पण खळगा राहतो. हिरडी काही आठवड्यांत जुळत येते, हाड भरायला कित्येक महिने जातात. तोवर त्यात प्रत्येक जेवणाचा काहीतरी अंश साठतो. डॉक्टरांनी वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज दिली होती. ती पहिल्याच दिवशी वापरायची नसते. आठवड्याभराने ते सांगतील तेव्हा कोमट पाणी भरून हळू खळगा धुवायचा. पहिल्यांदा धुतल्यावर आतून जे बाहेर आलं, ते इथे लिहीत नाही. नंतर हिरडीच्या आतल्या बाजूला जिभेला काहीतरी टोचू लागलं, तेव्हा मला वाटलं दाढेचा तुकडा राहिला. तो हाडाचा बारीक कण होता. खळग्याच्या कडेचा असा कण कधीकधी सुटतो आणि हिरडीतून वर येतो. डॉक्टरांनी तो चिमट्याने अलगद काढला, भूलही लागली नाही, आणि डावीकडच्या दाढेचा एक्स-रे पुढच्या भेटीत काढू म्हणाले.